सासूबाईंची भट्टी आणि माझी बर्फाची तोफ

सासूबाई स्तामेना यांस,
रागाचा नमस्कार.

काल डोंगरावर बँकेच्या बाई येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. पाण्याचा बर्फ करून उतारावर फवारणारी तोफ चालवून दाखवायची आणि आमच्या स्की-केंद्राच्या उरलेल्या नळयोजनेसाठी कर्ज मंजूर करून घ्यायचं, एवढंच माझं काम होतं. मी ऐटीत कळ दाबली. तोफ खोकली, चार थेंब थुंकली आणि गप्प बसली.

पाणी कुठे मुरतंय ते बघायला बाई पाइपाच्या कडेनं उतरल्या त्या थेट तुमच्या अंगणात. माझ्या मुख्य पाइपाला तुमची रबरी नळी, तुमच्या नळीला शेजारणीची, आणि गावभर राकिया दारू गाळायच्या भट्ट्या माझ्या पाण्यावर गार होतायत! मी ओरडलो, तर तुम्ही म्हणालात, "जावईबापू, बर्फ काय, देवही पाडतो. राकिया आपल्यालाच गाळावी लागते."

वर बाईंना सांगितलंत, "आमच्या गावाला आजवर कुणी पाणी दिलं नाही हो. या माझ्या सोन्यासारख्या जावयानं दिलं."

लग्नानंतर मी पहिल्यांदाच सोन्यासारखा झालो.

बाईंचे डोळे पाणावले. पाणी आधी गावाला, मग पाहुण्यांना, ही बँकेची अट म्हणे आजवर कुणीच पाळली नव्हती. कर्ज मंजूर झालं.

आता रागावू कसा? आणि आभार मानले, तर पुढच्या हंगामात तुम्ही जाड नळी मागाल. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी जेवायला येताना घेऊन येईन. भट्टी पेटवायला कागद हवाय म्हणालात ना?

तुमचा, साक्षीदारांसमक्ष सोन्यासारखा, जावई
वुकोसाव