दहा स्क्रू एका पातळीत

खारआळी, पेण
रविवार, वीकली ऑफ

ती. दिनानाथमामांस,

पुंडलिकाचा दोन्ही हात जोडून, वाकून नमस्कार. (दोन्ही हात म्हणतो खरं, पण डाव्या अंगठ्याला चिंधी आहे. ती का, ते पुढे येईल.) इकडे सगळी खुशाली, असं पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, खरं धरू नका. तुमची साखर कशी आहे? गुडघा वाकतो का? दुकानाचं शटर अजून तुम्हीच उचलता की कोणी हात लावतं? फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन वाजतो, वाजतो आणि गप्प होतो. रोह्यातल्या निम्म्या लोकांचे रेडिओ ज्यानं बोलते केले त्याला स्वतःचा फोन ऐकू येत नाही हे मला पटत नाही, पण तुम्ही वडीलमाणूस, तेव्हा बॅटरी उतरली असं समजतो.

पत्राला कारण एक चिठ्ठी. वैशाखात महिपतीदादा तुमच्याकडे दिवसभर होता, त्या दिवशी तुम्ही दोघांनी त्याच्या पेडल गिटारच्या पिकअपचे दहा स्क्रू बसवलेत. आवाज पकडणारा चुंबकी पिकअप, त्यात दहा तारांखाली दहा स्क्रू, वर घेतला की ती तार मोठ्यानं वाजते, खाली घेतला की हळू. (तुम्हालाच हे सांगतोय. पण मला एवढंच कळलंय, आणि तेही अंगठा फोडून घेऊन.) कुठला किती वर, कुठला किती खाली, हे तुम्ही कुठेतरी टिपलं असेलच. ते टिपण पोस्टानं पाठवा. बाकी काही नको. आता हे काम का निघालं ते सांगतो, शिव्या द्यायच्या तर शेवटी एकदम द्या.

दादा गेल्यापासून गिटार ओटीवर खिडकीपाशी उभी आहे. चार पाय, वर लांब फळी, खाली तारा ताणायची दोन पेडलं. तुम्हाला आठवत असेल, आळीतला काळुराम पहिल्या वर्षी पँट आखूड करायला घेऊन आला होता, आणि हे शिलाई मशीन नाही म्हटल्यावर, मग इस्त्री तरी मारून द्या म्हणाला. असल्या वस्तूवर दादानं पंधरा वर्षं खाडीपट्ट्यातल्या हळदी वाजवल्या. (स्वतःची तेवढी राहून गेली. मुलगी बघायला जायचा आणि तिच्या भावाच्या हळदीची तारीख घेऊन परत यायचा.) सुपारी असो नसो, रोज दिवेलागणीला तो एकदा सगळ्या तारांवरून अंगठा फिरवायचा आणि हातातली लोखंडी दांडी वरून खाली घसरवायचा. आईला मोतीबिंदूनं धड दिसत नाही. तो आवाज आला की ती दिवा लावायची आणि मग जेवायला बसायची. घरात घड्याळ आहे, पण त्याला कोणी विचारत नव्हतं.

दादा गेला आणि आई नुसत्या पेजेवर राहिली. तेराव्यानंतर मी एकदा धीर करून ॲम्प्लिफायर लावला आणि तारांवरून अंगठा फिरवला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण आईनं मान वळवली, उठली, दिवा लावला आणि दोन घास खाल्ले. वाजवणारा मी आहे हे तिला ठाऊक होतं. आवाज मात्र त्याचा होता आणि तेवढ्यावर ती जेवत होती. त्यापायी मी शिफ्ट बदलून घेतली. सात महिने सुरळीत गेले.

मग गेल्या रविवारी माझ्यातला फिटर जागा झाला. मी डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे आहे, म्हणजे माझा जन्म लेव्हलमध्ये चाललाय. पंप असो, मोटर असो, केसभर तिरकं दिसलं की हात शिवशिवतात. (घरातले सगळे देव मी पाणसळ लावून बसवलेत. हौसा याबद्दल माहेरी काय सांगते ते मी विचारत नाही.) धूळ पुसायला पिकअपचं झाकण काढलं, तर दहा स्क्रू दहा उंचीचे! लग्नाच्या पंगतीत उशिरा बसलेल्या माणसांसारखे, कोणी ताठ, कोणी वाकलेला, एक तर जमिनीत गेलेला. मला वाटलं, रोह्याहून टेम्पोत आली तेव्हा धक्क्यांनी हलले. तुम्ही दोघांनी दिवसभर कान लावून, पाव पाव फेरा देऊन ते मुद्दाम तसे ठेवले असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. स्टीलची पट्टी लावली, फट मोजायच्या पात्यांचा फीलर गेज घातला, दोन तास खपलो (तेव्हाच स्क्रूड्रायव्हर सटकला, ती ही चिंधी), आणि दहाच्या दहा एका पातळीत आणले. हौसाला हाक मारून दाखवलं. "तुमचे हाताला चैन नाय," ती म्हणाली. "चाललेला ना बरा?"

संध्याकाळी अंगठा फिरवला. तिसरी तार किंचाळली, जाड तारांचा घसा बसला, आणि दहावी आहे की नाही तेच कळेना. आई म्हणाली, "ह्यो आपला नाय." दिवा हौसानं लावला. आईनं ताट सरकवलं, "मना भूक नाय."

तेव्हापासून रोज ड्युटीवरून आलो की स्क्रू. हा वर, तो खाली. एक इतका वर घेतला की चुंबकानं तारच ओढून धरली आणि सूर डुगडुगायला लागला. काळुराम कुंपणावरून विचारून गेला की म्हैस अडलीय का. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुज्यान नाय व्हनार. दिनानाथचा हात लागला व्हता त्याला." त्या दिवसापासून दाराशी रिक्षा थांबली की ती कान देते. हौसा सांगते, हात धरून न्हाणीत न्यायचं तर नुसतं हाड हाताला लागतं.

मामा, मी ड्युटीला रोज वडखळच्या नाक्यावरूनच जातो. वैशाखातल्या त्या दिवशी गिटार टेम्पोनं पुढे आली, दादा मोटारसायकलवर मागून निघाला, तो नाक्यापर्यंतच आला. पहिला महिनाभर मी कंपनीच्या गाडीत तिथे डोळे मिटून घ्यायचो. आता उघडे ठेवतो, पण बघत नाही. मला त्याची फार आठवण येते. घरात रडायचा मान आईचा, म्हणून मी स्क्रू पिळत बसतो. तुम्ही स्मशानात एकदाच बोललात, की दहाव्या स्क्रूसाठी मी त्याला तासभर ठेवून घेतला नसता तर. त्यानंतर तुम्ही तेराव्याला आला नाहीत, भाऊबीजेला आला नाहीत. यंदा आमच्याकडे सण नव्हता, तरी आईनं पाट मांडला होता. तो मीच उचलला.

असो. तेवढी चिठ्ठी पाठवा. आईला तुमचा नमस्कार सांगतो, तुम्ही कळवला नसलात तरी.

आपला भाचा,
पुंडलिक

ता. क. चिठ्ठी सापडली नाही तर दुकान उपसत बसू नका. खरं सांगायचं तर ती लागणार नाही. फिटर कुठलंही काम उघडण्याआधी मापं घेतो, हाताला सवयच असते. मीही झाकण काढल्यावर दहाही स्क्रूंची उंची डायरीत लिहिली होती आणि विसरलो होतो. शुक्रवारी हौसानं युनिफॉर्म धुवायला काढला तेव्हा डायरी निघाली. त्याच संध्याकाळी स्क्रू मापाप्रमाणे बसवले आणि अंगठा फिरवला. तोच आवाज, मामा. आईनं मान वळवली. मग म्हणाली, "बरोबर झाला. मंग आता दिनानाथ येनार नाय?" आणि ताट सरकवलं.

ता. क. दुसरा. काल मी सगळे स्क्रू परत एका पातळीत आणले आणि डायरीतलं ते पान चुलीत घातलं. माझ्या हातून पुन्हा बिघडली, मामांना पत्र लिहितो, असं आईला सांगितलं. तिनं अर्धी भाकरी खाल्ली. आता ही गिटार तुमच्याशिवाय कोणालाच जमणार नाही. दहाव्या स्क्रूच्या त्या तासाबद्दलही मी तिला विचारलं. ती म्हणाली, "येक तास जास्ती मामाचे संगती बसला तो." एसटीनं येऊ नका, नाका लागतो. रोह्याहून दिवा जंक्शनला जाणारी रेल्वे पकडा आणि पेणला उतरा. मी स्टेशनवर असेन. स्क्रूड्रायव्हर तुमचाच आणा, त्या दिवशीचा.