काफी म्हणजे पुरे

तात्या, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मला आज तुमच्याशी मुरूम गावातल्या त्या हॉटेलाबद्दल बोलायचंय. दुसऱ्या कुणाशी बोलण्यासारखं ते नाही. थोरल्या भावाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जुनं उकरून काय मिळणार. खरंच काही मिळणार नाही, पण आठवडाभर पहाटे जाग येते आणि दाराची कडी वाजल्यासारखं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

मुरूमच्या कन्याशाळेत मला मास्तरकी लागली तेव्हा महाराष्ट्र नुकता झाला होता. एकट्या मुलीनं परगावी राहायचं नाही म्हणून तुम्ही सोबत आलात. आई गेलेली, कचेरीतली उर्दू गेलेली, पेशकाराची नोकरी संपलेली. जन्मभर निजामाच्या तहसिलीत तुम्ही उर्दूत मिसली लिहिल्या, कज्ज्यांची कागदपत्रं सांभाळलीत, आणि आता घरी आलेलं मराठी पत्रसुद्धा मला वाचायला द्यायचात. दौऱ्यावर निघताना पाण्याचा तांब्या सोबत घेणारे, बाहेरच्या चहाला न शिवणारे तुम्ही एके दिवशी उजाडता उजाडता घरी परत आलात आणि पगडी खुंटीला अडकवता अडकवता म्हणालात, "बाळ, आज एक हॉटेल शोधून काढलं." मी पोळी लाटायची थांबले. तुम्ही चुलीपुढं पाट ओढून बसलात. पेठेच्या मागच्या बोळात म्हणे एका कानडी जंगमस्वामीचं हॉटेल आहे, पहाटे चारला भट्टी पेटते, तिथं चहा नव्हे, कॉफी मिळते, पितळी पेल्यात. "मला पेला रिकामा करता येईना एवढा भरलेला. कसाबसा संपवला. तो परत किटली घेऊन आला तर मी हात वर करून म्हटलं, काफी. आपली उर्दू, काफी म्हणजे पुरे. त्याच्या कानडीत कापी म्हणजे कॉफी. त्यानं दुसरा पेला भरून पुढ्यात ठेवला!" तुम्ही इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यापासून तुम्हाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी शाळेत मी मुलींना एकदाही रागावले नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टँडजवळचं एक हॉटेल शोधलंत, तिसऱ्या दिवशी आडत बाजारातलं. दोन्हीकडं नुसता चहा, तोही उकळून काळा केलेला. मुरूममध्ये पहाटे उघडणारी हॉटेलं तेवढीच, तीन. मग पाचव्या की सहाव्या सकाळी पगडी अडकवता अडकवता तुम्ही म्हणालात, "बाळ, आज एक हॉटेल शोधून काढलं." आणि बोळ, जंगमस्वामी, पितळी पेला, काफी, सगळं पहिल्यापासून, त्याच जागी तेच हसू. मी पण हसले. म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट आवडली की दोनदा सांगतो, त्यात काय. पण पुढच्या सकाळी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. तुम्ही बोलत असताना मी तुमच्या तोंडाकडं बघायचे, कुठंतरी आता थांबतील, म्हणतील, हे तुला सांगितलं होतं नाही का. तुम्ही थांबायचा नाहीत, आणि माझी तव्यावरची पोळी करपायची.

मग मला धसकाच बसला. पहाटे कडी वाजली की मी अंथरुणात उठून बसायचे. तुम्ही परत येईपर्यंत मी दहा वेळा दाराशी जायचे. आज हॉटेल विसरले, उद्या घर विसरले तर? थोरल्याला कळलं तर तो तुम्हाला सोलापूरला घेऊन जाईल, त्याच्या दोन खोल्यांत कोंडून ठेवील, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर तुम्ही गेलात की माझीही नोकरी गेली, एकटीला कोण राहू देणार होतं. तुमच्या काळजीत माझी काळजी किती होती याची मला आजही खात्री नाही.

एका पहाटे डोक्यावरून पदर घेऊन मी तुमच्या मागं निघाले. तुम्ही ताठ चालला होता, कचेरीत निघाल्यासारखे. बोळाच्या तोंडाशी थबकलात, पाटीकडं पाहिलंत, आणि आत डोकावून विचारलंत, "नवीन काढलंय का हॉटेल?" कपाळाला भस्म लावलेले ते स्वामी भट्टीमागून म्हणाले, "व्हय साहेब, आजच. बर्री, कुंदर्री, या, बसा." तुम्ही बाकावर बसलात. पेला आला. तुम्ही तो सावकाश प्यायलात, मग हात वर केलात, "काफी." स्वामींनी भोळा चेहरा केला आणि दुसरा पेला भरून ठेवला. तुम्ही खो खो हसायला लागलात. मी भिंतीला धरून उभी होते.

त्या काळात बाईमाणूस हॉटेलात पाऊल टाकत नसे. तरी शाळा सुटल्यावर मी तिथं गेले, दारातच उभी राहिले. स्वामी फडकं खांद्यावर टाकून बाहेर आले.

"किती दिवस चाललंय हे?"

"पयल्या दिवशी मला खरंच उमगलं न्हाय, बाई. आमच्यात कापी म्हंजे कापीच की. दुसऱ्या येळी साहेब पुन्ना तसंच म्हनाले, तवा ध्यानात आलं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

"काय सांगू? मानूस रोज सकाळी हसत घरला जातोय. माझं काय जातंय त्यात?"

मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, "तुम्ही त्यांची चेष्टा करता." त्यांनी फडकं काढून हातात धरलं आणि ते भट्टीकडं परत गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. साहेब येणार, माझी पाठांची टाचणं अपुरी, आणि तुम्ही पगडी अडकवता अडकवता सुरू केलंत. मी लाटणं आपटलं. "तात्या, ते हॉटेल तुम्हाला आज सापडलेलं नाही. महिनाभर तुम्ही तिथंच जाता, आणि महिनाभर मला हेच सांगता."

तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही पाटावर बसलात, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवलेत. मग विचारलंत, "रोज?"

"रोज."

"आणि तू रोज ऐकतेस?"

मी वह्या उचलून चपला घातल्या. शाळेला उशीर होत होता.

बाकी सगळं विसरलात, तात्या, पण हे तेवढं विसरला नाहीत. दुसऱ्या पहाटे कडी वाजली नाही. उठून पाहिलं तर तुम्ही पगडी घालून बंद दाराशी बसलेले. मला म्हणालात, "मी आत्ता बाहेर जाऊन आलो का?" त्यानंतर प्रत्येक गोष्ट मला विचारून. जेवलो का, अंघोळ झाली का, हे बोललो का आधी. सबंध तहसील ज्यांच्या शेऱ्यावर चालायची ते माझ्या होकारासाठी थांबायला लागले. चार दिवस मी सोसलं. पाचव्या दिवशी, लोक काय म्हणतील ते म्हणोत, तुमचा हात धरून मीच बोळात गेले आणि बाकावर तुमच्या शेजारी बसले. बाकीची गिऱ्हाइकं उठून बाहेर जाऊन उभी राहिली. स्वामींनी पेला आणला. तुम्ही तो संपवलात. ते किटली घेऊन परत आले, तुमच्याकडं बघत उभे राहिले. मीही बघत होते, मनात म्हणत होते, म्हणा, तात्या, म्हणा. तुम्ही पेल्यावर तळहात ठेवलात आणि अगदी नीट मराठीत म्हणालात, "आता पुरे." स्वामी किटली घेऊन परत गेले.

पुढं वर्षभरात तुम्ही गेलात. थोरल्यानं न्यायच्या आधीच.

आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाला आले आहे. धाराशिवला धाकट्या मुलाकडं असते, पहाटे फिरायला जाते. आजही गेले होते. कोपऱ्यावर एक हॉटेल दिसलं, बाहेर दोन बाकडी, आत एक कानडी बाई, चांगली कॉफी. घरी येऊन हौसेनं सुनेला सांगितलं, आज एक हॉटेल सापडलं. तिनं पोळी लाटायचं थांबवलं, माझ्याकडं बघितलं, आणि हसून म्हणाली, "हो का, आई? कशी होती कॉफी?"

मी सगळं सांगितलं, तिनं सगळं ऐकलं. हे मी तिला कितव्यांदा सांगते आहे, एवढंच विचारायचं होतं. तेवढं धाडस मला झालं नाही, तात्या.