वकिलाचं एक पान

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी तुमचा वकील माझ्या डोक्यातून जात नाही. सनीव्हेलमधलं तुमचं ते छोटं किचन, गॅसवर बीटचं सूप, आणि दिवसभर कंपनीत इलेक्ट्रॉनिक चिप्सचं टेस्टिंग करून आलेली मी, टेबलावर कॉम्प्युटर मांडून तुमचं हस्तलिखित टाइप करतेय. खरं तर मी तुमच्या क्लासला इंग्रजी उच्चार सुधारायला आले होते. ते काही सुधारले नाहीत. त्याऐवजी शंभर वर्षांपूर्वीचा वॉर्सातला एक वकील गळ्यात पडला, तुमचे पणजोबा, ज्यांच्या आठवणी तुम्ही इंग्रजीत उतरवत होतात. नवरा चिडवायचा, "वीकेंडलाही टायपिंग? तुझं आणि त्या वकिलाचं काय चाललंय, यार?"

चाललं होतंच. त्याला 'तो' म्हणते, कारण टाइप करता करता तो आमच्या घरचाच झाला. तिथे तेव्हा रशियाचं राज्य होतं; कोर्टाचं काम रशियन भाषेत करायचा हुकूम आला, तेव्हा त्याने चांगली चाललेली वकिली सोडली आणि पुस्तकांच्या परीक्षणांवर संसार रेटला. नवं पुस्तक आलं की तो कागद मधोमध दुमडायचा. डावीकडे आधी पुस्तकाचा वकील होऊन त्याची बाजू लिहायची, मगच उजवीकडे तक्रारी. एकदाच त्याने डावी बाजू कोरी ठेवली आणि एका तरुण मुलीच्या पहिल्या कादंबरीची रेवडी उडवली. तिने पुन्हा काही लिहिलं नाही. म्हातारपणी हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं, एका पानात, जराही सारवासारव न करता.

त्या पानाशी मी अडले. हे गाळू या, म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला डाग कशाला? तुम्ही हातातला डाव खाली ठेवलात. माझ्यावर चिडलात त्या एकदाच.

"त्याने लिहिलंय. पुसणारी तू कोण?"

मग मला सूप वाढलंत, आणि मी ते पान टाइप केलं.

दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. शेवटची प्रत काढून युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पोचवायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलं होतं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरतोय, मी एकेक पान फाडून वेगळं करतेय, आणि ते पान हाताशी येतं. मी ते बाजूला ठेवते. पुढच्या पानांचे नंबर बदलून ती पुन्हा काढते. कुणाला काही कळलं नाही. लायब्ररीचं आभाराचं पत्रसुद्धा आलं, अगदी छान.

आज मीही कागद मधोमध दुमडून बसलेय. डावी बाजू भरभर भरली: त्याच्यावरचं प्रेम, तुमच्या घराण्याची अब्रू, माझं तेव्हाचं वय. वाचायला बरी वाटते. उजवीकडे एकच ओळ आहे. ज्या पानामुळे तो मला आज सगळ्यात मोठा वाटतो, तेच मी लपवलं.

हे पत्र टाकणार तरी कुठे? ते पान मात्र पाकिटात घातलंय, वर लायब्ररीचा पत्ताही लिहिलाय. स्टॅम्प लावायचा तेवढा राहिलाय, बाई. तीन आठवडे झाले.