नकाशातला पिवळा तुकडा

इंदूर, जानेवारी २००२

प्रिय दिवाकरदादा,

सुरतेत थंडी कशी आहे? माझा कंप्यूटरवर नकाशे काढायचा कोर्स संपला. फायनल प्रोजेक्टला आपलाच भाग घेतला होता, बडा गणपतीपासून बाबांच्या मिलपर्यंत. बंद मिलसाठी वेगळा रंग नव्हता. सर म्हणाले, "चालू नाही ना, मग रिकामी जमीन." मी तिथे रिकाम्या जमिनीचा पिवळा भरला. माझा पहिला नंबर आला.

बाबा कौतुकानं प्रिंट गेटवर घेऊन गेले. तुला ठाऊकच आहे, मिल बंद झाली तरी ते आणि त्यांचे सोबती रोज डबा घेऊन तिथे बसतात, गेट उघडलं तर आपण हजर असावं म्हणून.

संध्याकाळी त्यांच्या खात्यातले रामसिंगजी घरी आले. "बेटी, मिल का फैसला हो गया क्या?" मी किती समजावलं, काकाजी, हा क्लासचा अभ्यास आहे, याला कोण विचारतं. ते म्हणाले, "कंप्यूटर से निकला है, बेटी."

दुसऱ्या दिवशी मी मिलला कारखान्याचा रंग भरून नवा प्रिंट आणला. बाबांनी तो नीट पाहिला. म्हणाले, "माझ्यासाठी खोटा कशाला काढलास?"

आज आईनं डबा भरला, तर तो त्यांनी नेला नाही. दुपारी घरातच, दाराकडे पाठ करून खाल्ला.

तू किती वेळा म्हणालास, बाबांना त्या गेटवरून उठव. उठले, दादा. हे वाचून तू खूश होशील, म्हणूनच हे पत्र पाठवत नाही.

तुझी,
अनुश्री