तू बटण दाबलंस त्यानंतर

कारा-बुलुन,
१२ ऑक्टोबर

प्रिय इलियाजला ताईचे खूप खूप आशीर्वाद.

इकडे ठीक. मेंढरं कुरणावरून खाली आणली, बटाटे काढून झाले. कासिमाली दादा तुझं नाव काढत नाही. काढलंच तर सोबत शिवीही काढतो. तुला फोन करायचा नाही, अशी त्याने घरात सगळ्यांना शपथ घातलीय. पत्राबद्दल काही बोलला नव्हता, म्हणून हे बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. इलियाज, घरी ये.

दादाचा राग मला कळतो रे. तुमच्या पक्षासाठी, तुझ्यासाठी त्याने घरोघर फिरून मतं मागितली. आणि तू संसदेत पक्षाविरुद्ध बटण दाबलंस, एका मताने आपल्या डोंगरावर होणारी खाण गेली. टीव्हीसमोरच तो ओरडला, "घरचाच निघाला! माझ्या पोराची नोकरी खाल्ली याने!" आबा एवढंच म्हणाले, "टीव्ही बंद कर. मेंढ्यांना पाणी दाखव."

दादाचा मुलगा रशियाला मजुरीला गेला. वहिनी त्याच्या फोटोशी बोलते. ओढ्याचं पाणी मात्र आम्ही अजून बिनघोर पितो. तू चुकलास की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

आबा उन्हाळ्यापासून थकले होते. शेवटी नुसता रस्सा प्यायचे. दादासमोर तुझं नाव घ्यायचे नाहीत, मलाच विचारायचे, "बिश्केकला थंडी पडली का गं?"

खाली बस, इलियाज. आपल्यात अशी बातमी चार वडीलधारे शेजारी बसून हळूहळू सांगतात. माझ्याजवळ कागदच आहे. आबा गेले रे. मागच्या शुक्रवारी त्यांना टेकडीवर ठेवून आलो. दादाने तुला कळवू दिलं नाही.

आबांना ठेवलं होतं त्या तंबूत आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून रडत होतो. बाहेर, मुलांनी उभं राहायचं तिथे, दादा रिवाजाप्रमाणे काठीवर टेकून एकटाच आक्रोश करत होता. शेजारची तुझी जागा रिकामी. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "धाकटा कुठाय?" मला वाटलं, आता हा चारचौघांत तुझा उद्धार करणार. तर म्हणाला, "निघालाय. खिंडीत बर्फ आहे, अडकलाय." दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला, तरी घोगऱ्या आवाजात तेच सांगत राहिला.

तुझं मत चुकलं, असं तो मरेपर्यंत म्हणेल. म्हणू दे. पण आबांच्या चाळिसाव्या दिवसाला तीच माणसं येतील, तेच विचारतील. त्याला पुन्हा खोटं बोलायला लावू नकोस.

ये, असं तो कधीच म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतेय.

तुझी,
बुबुसारा ताई