दारातली म्हातारी

रविवार, १९ जून

चि. खटपट्यास,

आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे पत्रात असतात तेवढे बरे. चष्म्याच्या दुकानात सध्या शाळकरी पोरांची रीघ आहे, उभं राहून राहून माझ्या पायांचे तुकडे पडतात. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच आहे. आईच्या गोळ्या डॉक्टरांनी वाढवल्या.

फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि माझं बोलणं घशातच राहतं. म्हणून पत्र.

तुझ्या सिनेमाला लोक कुठे हसले, कुठे घाबरले, सगळं बारकाईनं कळव, असं तू म्हणाला होतास. तर कळवते.

थिएटर भरलेलं होतं, पोरंच जास्त. बाहुल्या हलायला लागल्या तेव्हा मागचा एक मुलगा विचारत होता, "यांना कोण हलवतं?" त्याची आई म्हणाली, "मशीन असतं." मी लगेच वळले. म्हटलं, "मशीन नाही हो, माणसं. बाहुली हातानं तसूभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. एक पाऊल टाकायला दिवस जातो." केवढा तोरा माझा! जशी काही मीच हलवून आले होते.

वटवाघळाच्या लग्नाला सगळे पोट धरून हसले. विहिरीतून हात वर आला तेव्हा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी बापाच्या कुशीत शिरली ती बराच वेळ बाहेर आली नाही. गाणं लांबलं, एक आजोबा चक्क घोरत होते. सगळं कळव म्हणालास म्हणून तेही कळवते.

मग तुझी दारातली म्हातारी आली.

फरफटणारी बारीक पावलं. पुढे झुकलेली मान. अंगठा बोटावर सारखा चोळणारा हात. आणि दाराशी आली की पाय जमिनीला खिळलेले, वरचं अंग तेवढं पुढे पुढे. पोरांनी किंचाळून थिएटर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दारात अडकली तेव्हा किंचाळण्याचं हसू झालं. नंतर तर पोरं पाय आपटून तालात ओरडायला लागली, "अडकली! अडकली!" मोठी माणसंसुद्धा. जमलं बरं का तुला. सगळ्यात जास्त दाद तिलाच मिळाली.

मुलाखतीत तू म्हणालास, ती चाल तुला एकदा खिडकीत बसल्या बसल्या सुचली. सुचली?

डॉक्टरांना दाखवायला मी आईच्या चालण्याचा व्हिडिओ काढला होता, तो तुलाही पाठवला. तुझं लगेच उत्तर आलं, आणखी पाठव. बाजूनं काढ. नुसते पाय काढ. दारात अडकते तो भाग जवळून काढ. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पोराला आईची काळजी लागली. इतके दिवस उंटावरून शेळ्या हाकत होता, आता निदान बघतो तरी आहे. स्वयंपाकघराच्या दारातून मी तिला परत परत चालवलं रे. ती दमायची. "आता पुरे का गं?" विचारायची आणि मग स्वतःच म्हणायची, "असू दे, एकदा अजून जाते. त्याला बघायचंय ना."

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझ्या शेजारच्या खुर्चीत आई होती.

आदल्या दिवसापासून हुरळली होती. औषधाच्या दुकानदारापासून जिन्यातल्या पोरांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं, माझ्या लेकाचा सिनेमा लागलाय. ठेवणीतली शाल काढली होती. म्हातारी पडद्यावर आली तेव्हा मी आईकडे बघायचं टाळलं. ती मात्र अस्वस्थ झाली. तिसऱ्या दारात म्हातारी अडकली, सगळे ओरडायला लागले, आणि आई मोठ्यानं म्हणाली, "अरे, कुणीतरी तिच्यापुढे पाय धरा ना! ओलांडेल ती!"

पुढची रांग हसली. एक जण वळून म्हणाला, "आजी, सिनेमा आहे हो."

तुला कळणार नाही ती काय म्हणाली ते. आई अडकली की आपण आपला पाय तिच्या पावलापुढे आडवा ठेवायचा. तो ओलांडायला म्हणून ती पाऊल उचलते आणि पुढे सुटते. व्यायाम शिकवायला येतात त्या बाईंनी दाखवलंय. तुझ्या व्हिडिओत ते नाही, कारण तूच लिहिलं होतंस, "ताई, तू मधे येऊ नकोस, फक्त आई दिसू दे." मी मागे सरले, ती तशीच अडकून राहिली आणि तू ते जवळून बघितलंस.

सिनेमा सुटला. थिएटरच्या दारात आईचे पाय अडकले. मागे गर्दी. एक पोरगं ओरडलं, "मम्मी, ती बघ, तीच!" आणि दोन-चार पोरांनी ताल धरला. पोरांचा काय दोष? त्यांना तूच शिकवलंस.

मी पाय आडवा धरला. आईनं तो ओलांडला नाही. खाली बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "म्हणून त्याला दाराचं जवळून हवं होतं होय."

त्यानंतर ती कुणासमोर चालत नाही. उठायचं झालं की मला म्हणते, "तू तिकडे तोंड कर." मी तोंड फिरवते. पाठ करून मी पाय कसा धरू, तूच सांग. ती दारात उभी राहते, मग परत जाऊन खुर्चीत बसते. चालणं सुटलं तर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय.

तुझा निरोप मिळाला. दुसऱ्या भागासाठी नवे व्हिडिओ हवेत, आणि सत्काराला आईला घेऊन ये, स्टेजवर बोलावतो. स्टेजला पायऱ्या असतील, दारही असेल. लोक टाळ्या वाजवतील. मी तिला आणणार नाही, आणि या घरातून तुला यापुढे एकही व्हिडिओ मिळणार नाही. राग आलाय मला. इतका की तुझं बालपणीचं नावसुद्धा वर लिहवत नव्हतं, सवयीनं लिहून गेले.

आईला सांगितलं, त्याला पत्र लिहितेय. म्हणाली, "वेडंवाकडं काही लिहू नकोस. सिनेमा छान झालाय, एवढंच कळव." कळवलं.

यायचं असेल तर फोन खिशात ठेवून ये. खाली बस आणि तिच्यापुढे पाय धर. माझा ती आता ओलांडत नाही, तुझा ओलांडते का बघ.

व्हिडिओत कुठेच न दिसलेली,
तुझी ताई