पेशी माझ्या, झाकण तिचं

२ जून, सोमवार
मीटिंगमध्ये माझा कचरा झाला. लिव्हरवर व्रण पडतात, ते थांबवणारं औषध शोधायला आम्ही लॅबमध्ये पेशी वाढवतो. व्रण पाडणारं काही दिलं नसताना माझ्या पेशी निवांत राहायला हव्या होत्या. त्या आपोआपच व्रणासारख्या ताठ झाल्या. मी म्हणालो, लॉटच खराब. तर काल आलेली मेघना म्हणते, दादा, प्लास्टिकची डिश कडक असते म्हणून होतं असं, खाली लिव्हरसारखं मऊ जेल घाला. हिला कोणी विचारलं होतं? वर ‘दादा’! अद्दल घडवणार.

४ जून
जेल स्वतः केलं. सेट व्हायला ठेवून भिगवणला चिलापी मासा खायला गेलो. आलो तर वाळून पापड. मेघनाची दृष्ट.

६ जून
गाईड जयवंता मॅडमची धमकी. सोळा तारखेला निवांत पेशी दाखव, नाहीतर पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द. तिकडे गावी पणदऱ्यात आईनं दारावर ‘डॉ. युवराज’ पाटी ठोकलीसुद्धा. थोडा वेळ लागेल म्हटलं तर म्हणाली, सा वर्सं झाली, आजून किती येळ रं, तुज्या बरुबरीची पोरं बाप झाली. हेही मेघनामुळेच.

९ जून
पेशी लावल्या. प्लास्टिकवरच. मेघना तिच्या जेलवर लावणार म्हणे. जेलचे लाड मला पटत नाहीत.

११ जून, दुपारी
मेघना लग्नाला इंदापूरला. वा! आमच्या लॅबची रीत, नाव फक्त झाकणावर. बुडाला लिहा म्हणून मॅडम ओरडून थकल्या, ऐकतंय कोण! माझं झाकण तिच्या डिशवर, तिचं माझ्या डिशवर. हा सूड नव्हे, न्याय. भोग म्हणावं आता.

१६ जून
मायक्रोस्कोपखाली माझ्या नावाची डिश. सगळ्या पेशी ताठ. मेघनाच्या नावाची एकदम निवांत. झाकणं तर मी बदलली होती, मग उलटं कसं?

मेघना रडायलाच लागली, म्हणाली, मॅडम, जेल एकाच डिशपुरतं व्हतं. दादांचं रजिस्ट्रेशन जाईल म्हणून लग्नाला जायच्या आधी मीच त्यांच्या पेशी जेलवर लावल्या, माझ्या साध्या प्लास्टिकवर ठेवल्या. चांगली डिश दादांचीच हाय, झाकणं बदलली असतील.

मॅडमनी मला विचारलं, झाकणांना कोणी हात लावला होता का?

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणालो, छे.

रजिस्ट्रेशन रद्द. मेघना अजून रडत होती. मोठ्या मनानं मी तिला माफ केलं.